हिशेबाचा काळ

व्याकरणाच्या तासाला काळ शिकवताना मी आजवर क्रियापदांचीच उदाहरणे देत आले. राज्याच्या अर्थसंकल्पाची पाने हाती आल्यापासून मात्र वाटते, की हा धडा त्या पानांवरूनही शिकवता येईल. डाव्या बाजूला खर्चाच्या बाबी आणि त्यांच्यापुढे आकड्यांचे चार रकाने. पहिल्यात दोन वर्षांपूर्वीच्या 'प्रत्यक्ष' रकमा, दुसऱ्या-तिसऱ्यात चालू वर्षाचे 'अर्थसंकल्पीय' आणि 'सुधारित' अंदाज, चौथ्यात येत्या वर्षाचा अंदाज. म्हणजे भूतकाळ तेवढा प्रत्यक्ष. वर्तमान अंदाजे आणि भविष्यही अंदाजे. साहित्याच्या माणसाला यात वावगे वाटायचे कारण नाही, कादंबरीकारही वर्तमानाला असाच अंदाजाने चाचपत असतो. पण कादंबरीकाराकडे कोणाचे पैसे थकलेले नसतात.

ही पाने माझ्याकडे आली ती हर्णेच्या एका नौकामालकांमुळे. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. कोकणात मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक कवितेपेक्षा सरकारी कागदच अधिक घेऊन येतात. शासकीय मराठी ही वेगळी भाषा आहे आणि ती आपल्याला येते, असा त्यांचा उदार समज असतो. त्यांच्या मच्छीमार सोसायटीतल्या कोणा मुलाने संकेतस्थळावरून छापून काढलेली मत्स्यव्यवसायाची पाने होती ती; मुख्य शीर्ष २४०५. प्रश्न डिझेलच्या परताव्याचा होता. यांत्रिक नौकांना लागणाऱ्या डिझेलवरचा राज्याचा कर सरकार मच्छीमारांना परत करते, म्हणजे तसे धोरण आहे. नौकामालक सोसायटीच्या पंपावर पूर्ण दराने डिझेल भरतो, सोसायटी मागणीचे कागद मत्स्यव्यवसाय खात्याकडे पाठवते, आणि मग वाट पाहणे सुरू होते. ही वाट कधी महिन्यांची असते, कधी वर्षांची. किनारपट्टीवर थकलेला परतावा हा पावसाइतकाच नेहमीचा विषय आहे. मी रकाने समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकत राहिले आणि मग बोट फिरवत म्हणाले, "बाई, ह्यातलं यंदाचं खरं कोनचं?" मी सांगितले, की यंदाचे खरे अजून छापलेले नाही, ते पुढे केव्हातरी पहिल्या रकान्यात येईल. "डिझेल तर यंदाच जळलं," ते म्हणाले, आणि कागदांची घडी घालू लागले.

हर्णेच्या किनाऱ्यावरचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना या वाक्यातला तिढा लवकर कळेल. नौका खोल पाण्यात उभ्या राहतात. माल लहान होड्यांतून किनाऱ्याजवळ येतो, तिथून पुढे पाण्यात शिरलेल्या बैलगाड्यांतून वाळूवर. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी, म्हाकूल असे ढीग पडतात, भोवती घेणाऱ्यांचे कोंडाळे जमते, बोली चढत जाते, कोणी एक मान हलवतो आणि व्यवहार तुटतो. लगेच वहीत नोंद होते. मग डिझेल, बर्फ, शिधा वजा जाऊन मालकाचे किती आणि खलाशांचे किती हा हिशेब होतो. अंधार पडायच्या आत कोणत्या नौकेला आज काय मिळाले हे साऱ्या किनाऱ्याला ठाऊक असते. हे चित्र रम्य करण्याचा मोह टाळायला हवा. आगाऊ पैसे दिलेला व्यापारी मासळी पाडून मागतो आणि कर्जात बुडालेला मालक ती देतो. वजनात हात मारला जातो. माल काढणाऱ्या आणि निवडणाऱ्या बायकांच्या वाट्याला काय येते हे त्या वहीत नेहमीच दिसत नाही. पण त्या लबाडीत आणि ज्याविषयी मी लिहू पाहते आहे त्यात एक भेद आहे. किनाऱ्यावर लबाडी करणारा आणि ती ओळखणारा एकाच वेळी एकाच वाळूवर उभे असतात. भांडण होऊ शकते. हिशेबाला माणूस समोर लागतो, आणि तो समोर असण्याची एक मुदत असते, हे तिथे कोणाला शिकवावे लागत नाही.

आपल्या भाषेला हे पक्के माहीत आहे. 'जाब' हा 'जवाबा'चाच संक्षेप. जाब विचारणे म्हणजे माहिती मागणे नव्हे. ज्याने केले त्याच्याकडून उत्तर घेणे. 'जबाबदारी'च्या पोटातही तेच उत्तर बसलेले आहे. 'झाडा देणे' म्हणजे हिशेब उलगडून दाखवणे, आणि झडती हा शब्द पोलिसांकडे जाण्याआधी जमाखर्चाच्या कागदांत नांदत होता. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'मुळे तो जोडशब्द आपल्या वर्गात आला, पण धरणग्रस्तांच्या कथेला हे नाव किती हिशेबी अर्थाने शोभते याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे लागते. या सगळ्या शब्दांना दोन माणसे लागतात. अलीकडचे 'पारदर्शकता' आणि 'माहितीची उपलब्धता' हे शब्द पाहा. त्यांना एकच माणूस पुरतो, काचेपलीकडे पाहणारा. उशिरा आलेला हिशेब दुसऱ्या जातीच्या शब्दांत बसतो, पहिल्या जातीच्या नाही. तो खरा असू शकतो, संपूर्ण असू शकतो. पण तो उत्तर राहिलेला नसतो, ती नोंद झालेली असते.

याच जिल्ह्यातल्या कोतळूकला, गुहागर तालुक्यात, १८६६ मध्ये जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे २६ मार्च १९०२ चे भाषण मी या निमित्ताने पुन्हा वाचले. वरिष्ठ कायदेमंडळातले अर्थसंकल्पावरचे ते त्यांचे पहिले भाषण. सभासदाची सत्ता किती होती? १८९२ च्या कायद्याने अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. बोलायचे आणि बसायचे. तरीही ते भाषण गाजले, कारण गोखले सरकारच्याच आकड्यांनी सरकारशी बोलत होते: तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक पडते आहे आणि त्याच वर्षांत देश दुष्काळ व प्लेग सोसतो आहे, तर ही शिल्लक भरभराटीची खूण कशी? ती गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या कराची खूण आहे. त्यांच्या तयारीमागे सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी होते, आणि त्यामागे न्यायमूर्ती रानड्यांनी सार्वजनिक सभेत लावलेली आकडे वाचण्याची शिस्त होती. पण मला थांबवले ते एका साध्या गोष्टीने. गोखल्यांच्या समोर १९००-०१ चे प्रत्यक्ष आकडे होते, १९०१-०२ चे सुधारित अंदाज होते आणि १९०२-०३ चा अंदाज होता. मार्च २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळापुढे आलेल्या अर्थसंकल्पात २०२३-२४ चे प्रत्यक्ष, २०२४-२५ चे सुधारित आणि २०२५-२६ चा अंदाज. अंतर अगदी तेवढेच.

वर्ष ३१ मार्चला संपते, तेव्हा मार्चमधल्या पुस्तकात त्याच वर्षाचे पक्के आकडे येणार नाहीत, हा भाग मान्य. तक्रार त्या रकान्याची नाहीच. तक्रार एवढीच, की गोखल्यांच्या काळात कारकून दौतीत टाक बुडवून वह्या भरत होते. आज कोषागारे संगणकाने जोडलेली आहेत, 'बीम्स' प्रणालीवर कोणत्या खात्याला किती निधी वाटला हे रोजच्या रोज दिसते, आणि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक राज्याच्या जमाखर्चाचे महिनावार ठोकळ आकडेही प्रसिद्ध करतात. (हे आकडे लेखापरीक्षा न झालेले असतात आणि साऱ्या राज्याचे मिळून पानभर, हर्णेचे डिझेल त्यात शोधू नये.) पैसा वाटल्याची बातमी क्षणात कळते. तो खर्च झाला का, कशावर झाला आणि नियमाने झाला का, हे कळायला मात्र वेळ लागतो, आणि तो कमी व्हावा अशी निकड कोणाला वाटलेली दिसत नाही. गोखल्यांना मत नव्हते, पण हिशेब वेळेवर होता. आज आमदारांना मत आहे.

ही निकड का नाही, याचे एक उत्तर मला संविधानाच्या मजकुरात सापडले. अनुच्छेद १५१ सांगतो, की राज्याच्या लेख्यांविषयीचे महालेखापरीक्षकांचे अहवाल राज्यपालांना सादर होतील आणि राज्यपाल ते विधानमंडळापुढे ठेवण्याची व्यवस्था करतील. केव्हा? त्याबद्दल शब्द नाही. संविधानाला दिवस मोजता येत नाहीत असे म्हणावे तर तेही नाही. अध्यादेश विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये. विधान परिषदेने धनविधेयक चौदा दिवसांत परत करावे. एवढ्या बारकाईने दिवस मोजणाऱ्या मजकुरात हिशेबाची जागा तेवढी मोकळी आहे. घटनाकारांना बहुधा वाटले असावे, की हिशेब तयार झाल्यावर तो कोणी दाबून कशाला ठेवील. आपण वर्गात कवितेतल्या न लिहिलेल्या ओळींविषयी तास-तास बोलतो. ही गद्यातली न लिहिलेली ओळ आहे.

या अहवालांचे शेवटचे पान मी आवर्जून पाहते. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनकाराची आणि तिथीची नोंद असते तसे ते पान. राज्यातले महालेखापाल स्थळ आणि दिनांक घालून सही करतात. खाली नवी दिल्ली, दिनांक, महालेखापरीक्षकांची प्रतिस्वाक्षरी. तिथपर्यंतचा उशीर समजण्यासारखा आहे. तपासणी होते, आक्षेप निघतो, खात्याचे उत्तर मागवावे लागते, ते येत नाही, पुन्हा मागवावे लागते. पण प्रतिस्वाक्षरी झाल्यावर मजकूर पुरा झालेला असतो. त्यानंतरचा उशीर मजकुराचा नाही, तो पुढे ठेवणाऱ्याचा आहे. आपल्या राज्यात हे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात. सभागृह उठते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठळक मथळे येतात, तिसऱ्या दिवशी ते विरतात. अहवाल लोकलेखा समितीकडे जातात. तिथे खात्यांनी स्पष्टीकरणे द्यायची असतात, आणि ती मुदतीत न देणाऱ्या खात्यांची गणना महालेखापरीक्षकांच्या पुढच्या अहवालात होते. हा पुढचा अहवालही शेवटच्याच दिवशी येतो.

हा रोग एका पक्षाचा किंवा एका राज्याचा नाही. दिल्लीत चौदा अहवाल रखडले होते. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने या विलंबावर कठोर शब्दांत नापसंती दाखवली, पण विधानसभेची बैठक बोलावण्याचा आदेश देण्याचे नाकारले. फेब्रुवारीत निवडणूक झाली, सरकार बदलले आणि नव्या सरकारने आदल्या सरकारचे अहवाल मोठ्या उत्साहाने पटलावर ठेवायला सुरुवात केली. उत्साह स्वाभाविक होता. ज्यांनी जाब द्यायचा ते आता विरोधी बाकांवर होते किंवा सभागृहातच नव्हते. न लिहिलेल्या त्या ओळीचा उपयोग जो सत्तेवर असतो तो करतो, एवढेच.

उशिराची आणखी एक तऱ्हा आहे, आणि साहित्याच्या वाचकाला तीच सर्वांत उल्लेखनीय वाटावी. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीतून एक आकडा बाहेर पडला: दशकभरात सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण ०.१ टक्क्याने वाढले. त्याच काळात सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाल्याचे बोलले जात होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले गेले आणि २०१२ हे साल राज्याच्या राजकारणात सिंचनाचे साल झाले. उपमुख्यमंत्र्यांनी सप्टेंबरात राजीनामा दिला, नोव्हेंबरच्या अखेरीस सिंचनाची श्वेतपत्रिका आली, तिने वेगळे आकडे मांडले, आणि डिसेंबरात तेच पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. पुढे चितळे समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१४ मध्ये विधिमंडळापुढे आला. हे सारे सर्वांना आठवत असेल. कमी लोकांना आठवते ते हे, की त्यानंतरच्या अनेक वर्षांच्या आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राच्या प्रमाणाच्या जागी आकडाच येईनासा झाला. तिथे 'उपलब्ध नाही' एवढेच सांगितले जाऊ लागले. आकडा चुकीचा होता, तर दुरुस्त करून छापता आला असता. वादग्रस्त होता, तर तळटीप देता आली असती. पण हे दोनच शब्द. कर्ता नाही, कारण नाही, मुदत नाही. मराठीत इतके निर्दोष अकर्तृक वाक्य मी क्वचितच वाचले आहे.

हेच सरकार नागरिकाकडून हिशेब घेते तेव्हा त्याचे व्याकरण अगदी वेगळे असते. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, नाहीतर वेतन थांबते. नौकेचा परवाना वेळेत नूतन करायचा. कर मुदतीत भरायचा, नाहीतर व्याज. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा वीज नव्हती, फोन लागत नव्हते, रस्त्यांवर झाडे पडली होती; त्यातही पडलेली झाडे मोजून पंचनामे झाले, कागद जोडले गेले, बँकेच्या पासबुकांच्या प्रती दिल्या गेल्या. लोकांनी दिल्या, तलाठ्यांनी आणि ग्रामसेवकांनी उन्हापावसात फिरून घेतल्या. वादळानंतरच्या पंधरवड्यात ज्याला हिशेब देता आला त्या माणसाने कोषागारे आणि संगणक हाताशी असलेल्या यंत्रणेला "तुमचा कधी?" असे विचारले, तर ते उद्धट का ठरावे?

इतिहासाच्या मित्रांचे म्हणणे थोडे वेगळे असते. उशीर झाला तरी कागद राहतो, म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण हटकून दिले जाते. रुमालांत बांधलेले ते मोडी कागद, रोजकीर्दी, ताळेबंद. सरदेसायांनी १९३० च्या दशकात त्यांतून निवडून काढलेले पंचेचाळीस खंड. हे वैभव मी नाकारत नाही. मीही त्या खंडांवर जगणाऱ्या जातीतली आहे. हर्णेसमोरच्या पाण्यातला सुवर्णदुर्ग जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक. १७५५ मध्ये तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला गेला, त्या मोहिमेतल्या इंग्रज आरमाराच्या कमोडोर जेम्सच्या स्मरणार्थ त्याच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनजवळ एक मनोराही उभारला. या मोहिमांचा खर्च काय झाला, कोणत्या किल्ल्याची शिबंदी किती, तिला काय मिळत होते, हे प्रश्न आज अभ्यासकाने विचारावेत आणि दप्तरातून उत्तर काढावे, यात आनंद आहे. पण तो आनंद अभ्यासकाचा आहे. ज्या शिपायाचे वेतन थकले असेल त्याच्यासाठी तो कागद दोनअडीचशे वर्षे उशिरा उघडला. आणि दप्तर म्हणजे नुसते साठवण नव्हते. 'फडणीस' हे मुळात कागद आणि हिशेब सांभाळणाऱ्याचे पद, आणि त्या पदाचा दरारा होता तो हिशेब तिथल्या तिथे मागितला जाई म्हणून. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तराची आबाळ झाली असे पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवले. त्या राज्याचे पुढे काय झाले ते शाळेतली मुलेही सांगतील.

राज्याचा हिशेब फार दूरचा वाटत असेल तर ग्रामसभेत जाऊन बसावे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे, आणि त्याने इथे मात्र वेळ नेमून दिलेली आहे: वित्तीय वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक लेखाविवरण, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, शेवटची लेखापरीक्षा टिप्पणी आणि तिला दिलेली उत्तरे ठेवायची. 'शेवटची' हा शब्द मी अनेकदा वाचला. शेवटची म्हणजे गेल्या वर्षाची, असे कायद्यात म्हटलेले नाही; जी शेवटी आली ती.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावच्या ग्रामसभेला मी नात्यातल्या एका वहिनींबरोबर गेले होते. गावाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. शाळेच्या खोलीत पन्नासेक माणसे होती, त्यांत बायका निम्म्याहून कमी, आणि पंखा एकच. ग्रामसेवकांनी आरंभीची शिल्लक, एकूण जमा, एकूण खर्च आणि अखेरची शिल्लक वाचून दाखवली. ते चार-पाच मिनिटांत झाले. मग लेखापरीक्षा टिप्पणी. तिच्यात पाणीपुरवठ्याच्या एका कामाच्या देयकावर आक्षेप होता. मोजमाप पुस्तिका आणि देयक यांचा ताळा जमत नव्हता. वहिनी त्यांच्या वाडीतल्या बचत गटाचा हिशेब ठेवतात. गटाची बैठक महिन्याला असते, वर्गणी सर्वांदेखत मोजली जाते आणि वही फिरवून सगळ्यांना दाखवली जाते. कोणी आली नाही तर पुढच्या बैठकीत तिला आधी ती वही दाखवतात. त्या उभ्या राहिल्या आणि ही टिप्पणी कोणत्या सालची, असे त्यांनी विचारले. ग्रामसेवकांनी साल सांगितले. तीन वर्षांपूर्वीचे होते. त्यानंतरच्या टिप्पण्या वरून आलेल्या नाहीत, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले. ते स्वतः वर्षभरापूर्वी बदलून आले होते. सरपंच नव्या होत्या. ज्यांच्या सहीने देयक निघाले ते आदले सरपंच मुंबईला मुलाकडे राहायला गेले होते, आणि काम केलेला कंत्राटदार कोण हे खोलीतल्या तिघांनी तीन प्रकारे सांगितले. "मग विचारायचं कोणाला?" वहिनी म्हणाल्या. कोणी हसले नाही. नव्या सरपंचांनी माहिती घेऊन कळवते असे म्हटले, आणि विषय घरपट्टीवर गेला.

पुढे एका वेगळ्या कामासाठी त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत माझ्या पाहण्यात आली. अक्षर सुरेख होते. लेखापरीक्षा टिप्पणी सभेपुढे वाचून दाखवण्यात आली व सभेने नोंद घेतली, अशी ती दीड ओळ. वहिनींचा प्रश्न तिच्यात नव्हता. मागच्या पानांवर उपस्थितांच्या सह्या होत्या आणि त्यांत बत्तिसाव्या क्रमांकावर, पूर्ण नावाने, त्यांची होती.